फळा पुसणारे विकर आणि कंपवाताचे कोडे

घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचा हात थरथरू लागतो. चहाचा कप बशीवर वाजतो, सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागतो. ज्या हाताने वर्षानुवर्षे टपोऱ्या अक्षरात घरचा जमाखर्च लिहिला, त्याच हाताचे अक्षर ओळीच्या अखेरीस मुंगीएवढे बारीक होत जाते. प्रथम ‘वय झाले’ म्हणून आपण ते सोडून देतो. पुढे पाऊल घासत पडू लागते, चेहऱ्यावरचे हसू मावळते, आणि एके दिवशी डॉक्टर निदान करतात : कंपवात.

त्या दिवसापासून घरची माणसे डॉक्टरांना दोन प्रश्न विचारीत असतात, मात्र ते दोन आहेत हे बहुधा त्यांच्या ध्यानी येत नाही. ‘यांना आराम पडेल ना?’ हा पहिला. ‘हा आजार येथेच थांबेल ना?’ हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्र अर्धशतकाहून अधिक काळ होकारार्थी देत आले आहे. दुसऱ्याचे उत्तर तसे देणे त्याला अद्याप साधलेले नाही. ही दोन उत्तरे एकमेकांपासून किती दूर आहेत, हे मेंदूतील एका विकराच्या कहाणीवरून फार स्पष्ट दिसते. ‘मेंदूच्या पेशी वाचवणारे औषध’ अशा जाहिराती वाचून आशेने पैसे मोजणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ही कहाणी ठाऊक असावी, म्हणून ती येथे सांगत आहे.

काळे द्रव्य आणि निरोप्या

१८१७ साली लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी ‘थरथरत्या पक्षाघाता’वर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यात अवघ्या सहा रुग्णांचे वर्णन होते, आणि त्यांपैकी काही तर त्यांनी रस्त्यावरून चालताना केवळ पाहिलेले होते. पुढे त्यांचेच नाव या आजाराला मिळाले. परंतु बिघाड नेमका कोठे होतो, हे कळायला शंभर वर्षे जावी लागली. १९१९ साली पॅरिसमध्ये त्रेत्याकॉफ नावाच्या तरुण संशोधकाने दाखवून दिले की, मेंदूच्या मध्यभागी खालच्या बाजूस जो एक काळसर पट्टा असतो, त्यातील पेशी या रुग्णांत नष्ट झालेल्या असतात. या भागाला ‘काळे द्रव्य’ असेच नाव आहे. त्यातील पेशी काही लाखांच्या घरात असतात, आणि संपूर्ण मेंदूच्या मानाने ही संख्या नगण्यच म्हणायची. तथापि हालचाल सुरू करणे, ती सफाईने पार पाडणे आणि वेळीच थांबवणे ही कामे त्यांच्यावाचून नीट होत नाहीत.

दोन मज्जापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. त्यांच्यामध्ये एक अतिसूक्ष्म फट असते. पहिल्या पेशीला निरोप द्यावयाचा झाला म्हणजे ती त्या फटीत एक रसायन सोडते, आणि ते पलीकडच्या पेशीला जाऊन भिडते. काळ्या द्रव्यातील पेशींच्या या निरोप्याचे नाव डोपामिन.

येथे वर्गातला फळा डोळ्यांपुढे आणावा. शिक्षकाने फळ्यावर एक वाक्य लिहिले, मुलांनी ते वाचले, आता पुढचे वाक्य लिहावयाचे तर आधीचे पुसलेच पाहिजे. न पुसता लिहीत गेल्यास काही वेळाने कोणालाच काही वाचता येणार नाही. मेंदूतही तसेच असते. निरोप पोचला की डोपामिनचा बराचसा भाग मूळ पेशी पुन्हा आत ओढून घेते, आणि उरलेल्याचा निकाल विकरे लावतात.

विकर म्हणजे ज्याला डॉक्टरमंडळी एन्झाइम म्हणतात ते. हे एक प्रथिनच असते. स्वतः खर्ची न पडता ते एखादी रासायनिक क्रिया कितीतरी पटींनी जलद घडवून आणते. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागू लागतो, ते लाळेतील विकर पिठाची साखर करते म्हणून. मेंदूत डोपामिन पुसून टाकणारे जे एक प्रमुख विकर आहे, त्याचे नाव मोनोअमाइन ऑक्सिडेज. नाव लांबलचक आहे, तेव्हा आपण त्याला ‘पुसणारे विकर’ म्हणू. आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी : फळा पुसताना जशी खडूची भुकटी उडते, तसा हे विकर काम करीत असताना हायड्रोजन पेरॉक्साइड हा दाहक पदार्थ निर्माण होतो. निरोगी पेशी त्याचा बंदोबस्त करू शकते. दुबळ्या पेशीचे काय होत असेल, हा प्रश्न पुढे फार महत्त्वाचा ठरला.

सर्पगंधेपासून झालेली सुरुवात

डोपामिनचे महत्त्व कळण्यास आपल्या देशातील एक वनस्पती कारणीभूत झाली, हे वाचून अनेकांना नवल वाटेल. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पूर्वापार वापरात होती. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाबावर व मनोविकारांवर तिचा उपयोग होतो असे लिहिले. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपला अनुभव एका ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले.

मात्र रेसर्पिनच्या मोठ्या मात्रेने काही रुग्ण कंपवात झाल्यासारखे ताठर होत. स्वीडनमधील आर्विड कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रेसर्पिन टोचले, तेव्हा ससे कान पाडून निश्चल बसून राहिले. मग त्यांना लेव्होडोपा हे द्रव्य टोचण्यात आले, आणि थोड्याच वेळात ते पुन्हा हिंडू लागले. लेव्होडोपापासून मेंदूत डोपामिन तयार होते. म्हणजे सशांची हालचाल ज्याच्या अभावी थांबली होती, ते डोपामिन होते. या कामाबद्दल कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

पुढील पावले भराभर पडली. १९६० साली व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच यांनी कंपवाताने मरण पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासून तेथे डोपामिनचा दुष्काळ असल्याचे दाखवले. १९६१ साली त्यांनी व वाल्टर बिर्कमायर यांनी रुग्णांना लेव्होडोपा टोचले, आणि अंथरुणाला खिळलेली माणसे काही तासांपुरती का होईना, उठून चालू लागली. १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी पोटातून, हळूहळू मात्रा वाढवीत, डोपा देण्याची रीत बसवली. त्यानंतर लेव्होडोपासोबत कार्बिडोपा देण्याचा प्रघात पडला. कार्बिडोपा हेदेखील एका विकरालाच अडवते. लेव्होडोपाचे डोपामिन करणारे विकर शरीरभर असते, आणि मेंदूत पोचण्यापूर्वीच ते रूपांतर झाले तर मळमळ होते व औषध वाया जाते. कार्बिडोपा मेंदूत शिरत नाही, त्यामुळे ते या विकराला मेंदूबाहेरच रोखून धरते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले. पण विहीर आटत चालली असता टँकरने पाणी आणावे, तसे हे होते. घरात पाणी आले, झरे मात्र आटतच राहिले. काळ्या द्रव्यातील पेशी मरत होत्या, त्या मरतच राहिल्या.

पुसणाऱ्या विकराला अडवावे तर?

हे पुसणारे विकर १९२८ साली केंब्रिजमध्ये मेरी हेअर या संशोधिकेला यकृतात सापडले होते. त्याला अडवणारे औषध मात्र अगदी आडवाटेने हाती आले. १९५२ साली न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड दिले जात होते, तेव्हा खंगलेले रुग्ण विलक्षण उत्साही दिसू लागले. त्याच वर्षी असे आढळले की, हे औषध पुसणाऱ्या विकराला अडवते. अशा औषधांचा उपयोग मग मनाच्या खिन्नतेवर होऊ लागला. परंतु त्यांत एक धोका निघाला. ही औषधे घेणारा माणूस जुने, मुरलेले चीज खाई आणि त्याचा रक्तदाब एकदम चढून डोके फुटू लागे, क्वचित मेंदूत रक्तस्रावही होई. १९६३ साली लंडनमध्ये बॅरी ब्लॅकवेल यांनी याचा उलगडा केला. मुरलेल्या चीजमध्ये टायरामिन हे द्रव्य असते. एरवी आतड्यातील व यकृतातील विकर ते नष्ट करते. विकरच अडवले गेले म्हणजे ते थेट रक्तात शिरते.

१९६८ साली असे दिसून आले की, पुसणारे विकर एक नसून दोन आहेत, ‘अ’ आणि ‘ब’. टायरामिनचा समाचार घेणारे आतड्यातील विकर प्रामुख्याने ‘अ’. मेंदूत मज्जापेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींत ‘ब’ विपुल असते. आणि बुडापेस्टचे योझेफ क्नॉल यांच्याकडे याआधीच एक औषध होते, जे लहान मात्रेत फक्त ‘ब’ला अडवीत असे. त्याचे तेव्हाचे नाव डेप्रेनिल. आज ते सेलेजिलीन म्हणून ओळखले जाते. कुलपात किल्ली मोडून बसावी तसे ते विकरात कायमचे अडकते. नवे विकर तयार व्हायला काही आठवडे लागतात, तोवर पुसण्याचे काम मंदावते. १९७५ साली बिर्कमायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते कंपवाताच्या रुग्णांना लेव्होडोपाच्या जोडीला दिले. डोपामिन अधिक काळ टिकू लागले आणि आराम वाढला.

एवढ्यावर ही हकीकत संपली असती, तर ‘ब’ विकराला अडवणारे आणखी एक आरामदायी औषध मिळाले, असे म्हणून आपण पुढे गेलो असतो. पण १९८२ साली कॅलिफोर्नियात एक विचित्र घटना घडली.

गोठलेली माणसे

सॅन होझे शहर व त्याच्या आसपासच्या रुग्णालयांत काही तरुण व मध्यमवयीन माणसे आणण्यात आली. ती पुतळ्यासारखी ताठ झाली होती. त्यांना बोलता येत नव्हते, हलता येत नव्हते. वृद्धपणी वर्षानुवर्षांत जे होते, ते यांना काही दिवसांत झाले होते. विल्यम लँग्स्टन या मज्जाविकारतज्ज्ञाने शोध घेता कळले की, ही सारी व्यसनी मंडळी असून चोरून बनवलेले कृत्रिम हेरॉइन त्यांनी टोचून घेतले होते. ते बनवताना भेसळीसारखा एक भलताच पदार्थ तयार झाला होता. त्याला ‘एमपीटीपी’ म्हणतात. लेव्होडोपा देताच ही माणसे हलू लागली. म्हणजे त्या पदार्थाने नेमका काळ्या द्रव्यातील पेशींवरच घाव घातला होता.

१९८४ साली याचा कार्यकारणभाव उलगडला. एमपीटीपी स्वतः पेशी मारीत नाही. ते रक्तातून मेंदूत शिरते, शेजारच्या आधारपेशींत जाते, आणि तेथे ‘ब’ विकर त्याचे विषात रूपांतर करते. हे विष डोपामिनशी इतके मिळतेजुळते असते की, डोपामिन परत ओढून घेणारी पेशी त्यालाही दार उघडते. आत शिरून ते पेशीची ऊर्जाघरे, म्हणजे तंतुकणिका, बंद पाडते, आणि पेशी मरते. माकडांना व उंदरांना ‘ब’ विकर अडवणारे औषध आधी दिले आणि मग एमपीटीपी टोचले, तेव्हा त्यांच्या पेशी शाबूत राहिल्या.

आता आशा केवढी वाढली असेल पाहा. विकर अडवले की पेशी वाचतात, हे प्राण्यांत प्रत्यक्ष दिसले होते. शिवाय विकराच्या रोजच्या कामातून उडणारी ती दाहक ‘भुकटी’ होतीच. सामान्य कंपवातही अशाच एखाद्या विषाने, किंवा त्या भुकटीने होत असेल, तर सेलेजिलीनने आराम तर पडेलच, पण आजारही थांबेल. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दृष्टिपथात आले असे वाटू लागले.

आठशे रुग्णांची परीक्षा

शास्त्राचा मोठेपणा असा की, इतकी सुंदर उपपत्ती हाती असूनही त्याने ती परीक्षेला बसवली. १९८७ साली अमेरिका व कॅनडात आठशे रुग्णांवर एक चाचणी सुरू झाली. सारे रुग्ण आजाराच्या आरंभीच्या अवस्थेत होते आणि कोणालाही लेव्होडोपाची गरज लागलेली नव्हती. काहींना सेलेजिलीन, काहींना मोठ्या मात्रेत ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, तर काहींना नुसती दिसायला तशीच पण निरुपयोगी गोळी. कोणाला काय मिळते हे रुग्णाला ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नव्हते. लेव्होडोपाची गरज किती उशिरा पडते, हे पाहावयाचे होते.

१९८९ साली पहिले निष्कर्ष आले. ई जीवनसत्त्वाचा उपयोग झाला नाही, पण सेलेजिलीन घेणाऱ्यांत लेव्होडोपाची गरज सुमारे नऊ महिन्यांनी पुढे गेली. मग एक बारीकशी, पण निर्णायक शंका पुढे आली. हे औषध सुरू करताच रुग्णांना थोडा आराम पडतो. तसे असेल तर लेव्होडोपा उशिरा लागले ते पेशी वाचल्या म्हणून, की आरामामुळे आजार झाकला गेला म्हणून? मंद दृष्टीच्या मुलाला चष्मा दिला की तो फळ्यावरचे वाचू लागतो, म्हणून त्याचे डोळे सुधारले असे आपण म्हणत नाही. याच रुग्णांची पुढील काही वर्षे पाहणी केली, तेव्हा आधी औषध मिळालेल्यांचा लाभ टिकून राहिलेला दिसला नाही. बरीचशी भिस्त चष्म्याचीच होती.

ही शंका फेडण्यासाठी पुढे एक हुशारीची युक्ती योजण्यात आली. समजा, दोन सारख्या तुकड्यांपैकी एकीला जूनपासून शिकवणी दिली आणि दुसरीला नोव्हेंबरपासून. वार्षिक परीक्षेत दोघी सारख्याच ठरल्या, तर शिकवणीचा गुण तात्पुरता. पहिली तुकडी पुढेच राहिली, तर लवकर सुरू केल्याने काहीतरी मुळातून टिकले, असे म्हणता येते. इस्रायलमध्ये विकसित झालेल्या रासाजिलीन या ‘ब’ विकर अडवणाऱ्या दुसऱ्या औषधाची अशीच परीक्षा ११७६ रुग्णांवर घेण्यात आली. अर्ध्यांना ७२ आठवडे औषध, अर्ध्यांना पहिले ३६ आठवडे निरुपयोगी गोळी आणि मग औषध. २००९ साली निकाल लागला. रोज एक मिलिग्रॅम घेणाऱ्यांत लवकर सुरुवात केलेले पुढे राहिले. रोज दोन मिलिग्रॅम घेणाऱ्यांत मात्र दोन्ही गट सारखेच निघाले. लहान मात्रा पेशी वाचवते आणि दुप्पट मात्रा वाचवत नाही, याची संगती लागेना. २०११ साली अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या तज्ज्ञ समितीने, हे औषध आजाराची गती मंदावते असा दावा मान्य केला नाही. आराम देणारे औषध म्हणून त्याचे स्थान कायम राहिले.

प्राण्यांत जे घडले ते माणसांत का घडू नये? याचे एक कारण विचार करण्याजोगे आहे. प्राण्यांना औषध आधी आणि विष नंतर मिळाले होते. माणसाचा हात थरथरू लागतो तोवर काळ्या द्रव्यातील पेशींचा मोठा भाग गेलेला असतो. चोर निघून गेल्यावर आपण दाराला कडी घालतो. दुसरे कारण असे की, प्रत्येक रुग्णात चोर एकच असेल असेही नाही. २००४ साली काही कुटुंबांतील आनुवंशिक कंपवाताचे मूळ ‘एलआरआरके-२’ या वेगळ्याच विकराच्या बिघाडात सापडले. तेथे हे विकर वाजवीपेक्षा अधिक काम करते. त्याला आवरणाऱ्या औषधांच्या चाचण्याही माणसांवर हाती घेण्यात आल्या. परीक्षा पुन्हा तीच आहे, आणि तिचा पेपरही तितकाच कठीण आहे.

घरच्यांनी काय ध्यानी घ्यावे?

या साऱ्यातून हताश होण्याचे कारण नाही. आराम ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. स्वतःच्या हाताने जेवता येणे, देवापर्यंत चालत जाता येणे, नातवाला पत्र लिहिता येणे यांचे मोल त्या माणसाला विचारावे. म्हणून ‘ही औषधे आजार मुळापासून बरा करीत नाहीत, मग कशाला घ्यायची?’ असे म्हणून ती बंद करणे चुकीचे आहे. विशेषतः लेव्होडोपा अचानक बंद केल्यास रुग्णाची अवस्था गंभीर होऊ शकते.

सेलेजिलीन वा रासाजिलीन चालू असलेल्या रुग्णाला दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे, दातांच्यासुद्धा, नेताना त्या औषधाचे नाव कागदावर लिहून सोबत न्यावे. पेथिडीनसारखी काही वेदनाशामके, खोकल्याची काही औषधे आणि खिन्नतेवरील काही गोळ्या यांच्याशी त्यांचे जमत नाही. चीजच्या भीतीने घरचे ताजे पनीर बंद करू नये, त्यात टायरामिन फारसे नसते. सेलेजिलीनने काहींची झोप उडते, म्हणून डॉक्टर ते बहुधा सकाळी व दुपारी घ्यायला सांगतात. लेव्होडोपाची गोळी आणि डाळी, दूध, अंडी यांसारखा प्रथिनयुक्त आहार एकाच वेळी पोटात गेल्यास काहींना गोळीचा गुण कमी येतो. जेवण व गोळी यांत किती अंतर ठेवावे, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

खाजकुहिलीच्या बियांविषयीही अनेकजण विचारतात. त्यांत लेव्होडोपा असते ही गोष्ट खरी. १९३७ साली दामोदरन व रामस्वामी या भारतीय संशोधकांनीच ते त्या बियांतून वेगळे काढले. परंतु म्हणूनच ते चूर्ण गोळीच्या जोडीला मनाने घेणे धोक्याचे आहे. मात्रा दुप्पट होते आणि डॉक्टरांना त्याचा पत्ता नसतो.

आणि कोणी ‘मेंदूच्या पेशींचे रक्षण करणारे’ औषध, टॉनिक वा उपचार घेऊन आला, तर त्याला एकच प्रश्न विचारावा : याने आराम पडतो, की आजार थांबतो, आणि थांबतो असे म्हणत असाल तर ते कोणत्या परीक्षेत सिद्ध झाले? आठशे आणि अकराशे रुग्णांनी, निरुपयोगी गोळी आपल्याच वाट्याला येऊ शकते हे ठाऊक असूनही, ती परीक्षा दिलेली आहे. ज्याला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, त्याच्या हाती आपल्या घरच्या माणसाची औषधे सोपवू नयेत, आणि वाचलेले पैसे रोजच्या व्यायामासाठी, घरातील न्हाणीत पकडायला दांडी बसवण्यासाठी आणि नियमित तपासणीसाठी खर्च करावेत.